हीट पंप ताब्यात घेताना: शेवटचा हप्ता चाचणीनंतरच

आपल्या कापडधंद्यात यंत्र विकत घेताना घासाघीस भरपूर होते. दहा ठिकाणी भाव विचारला जातो, हजार-पाचशेसाठी सौदा अडून राहतो. पण तेच यंत्र बसल्यावर ते रीतसर चालू करून घ्यावे, तपासून मगच ताब्यात घ्यावे, याकडे मात्र आपले लक्ष नसते. बटण दाबले, यंत्र फिरले, पेढे वाटले, पैसे चुकते केले, संपला व्यवहार! पाण्यातून उष्णता घेणाऱ्या हीट पंपाच्या बाबतीत ही सवय फार महागात पडते. म्हणून आमचे स्पष्ट मत आहे की, या यंत्राचा शेवटचा हप्ता चाचणी पुरी झाल्यावरच द्यावा आणि तशी अट ऑर्डरमध्येच लिहून घ्यावी.

हे यंत्र काय आहे, ते आधी समजून घेऊ. घरातला फ्रिज आतली उष्णता ओढून मागच्या बाजूने बाहेर टाकतो. हीट पंप हेच काम मोठ्या प्रमाणावर करतो. डाईंग हाऊसमधून ४०-४५ अंशांचे पाणी रोज गटारात जाते. त्यातली उष्णता काढून ताजे पाणी ६०-६५ अंशांपर्यंत तापवता येते. ही युक्ती नवी नाही. स्वित्झर्लंडमधील झुरिच शहराच्या टाऊन हॉलमध्ये शेजारच्या लिमात नदीच्या पाण्यातून उष्णता घेणारा हीट पंप १९३८ सालीच बसवला गेला होता.

फायद्याचा हिशेब सोपा आहे. एक हजार लिटर पाणी २५ वरून ६५ अंशांवर न्यायला ४०,००० किलोकॅलरी लागतात. विजेच्या हीटरवर त्याला साडेशेहेचाळीस युनिट जातात. हीट पंपाने एका युनिटला साडेतीन युनिटांची उष्णता दिली, तर तेच काम १३-१४ युनिटांत होते. मात्र हा साडेतीनचा आकडा कागदावरचा असतो. आपल्या कारखान्यात तो मिळतो की नाही, हे चाचणीशिवाय कळत नाही.

विक्रेता काहीही सांगो, या यंत्राची मर्यादाही ध्यानात ठेवावी. सुती कापडाचे अनेक रिॲक्टिव्ह रंग ६० अंशांच्या आसपास चढतात, तिथे हे पाणी उत्तम चालते. पण रंगवल्यावर साबणाची धुलाई उकळत्या पाण्याजवळच्या तापमानात होते आणि पॉलिएस्टरला सुमारे १३० अंश लागतात. त्यासाठी वाफ हवीच. तेव्हा हीट पंप आला म्हणून कोणी बॉयलर भंगारात काढू नये. जळण कमी होईल, बंद होणार नाही.

आता चालू करण्याचा मुद्दा. आम्ही ज्यांच्याकडे जॉबवर कापड रंगवून घेतो, अशा एका रंगारी बंधूंनी हे यंत्र बसवले. मेकॅनिक संध्याकाळी आला, तासाभरात गरम पाणी दाखवले, उरलेली रक्कम घेऊन रात्रीच्या गाडीने निघून गेला. तीन आठवड्यांत पाणी कोमट येऊ लागले. यंत्र मध्येच बंद पडायचे. एकाच लॉटमधल्या ताक्यांची शेड जुळेना आणि माल ग्राहकाकडून परत आला. जाळी उघडली तर तिच्यात वेल्डिंगची कीट, गंज आणि कापडाचे तूस गच्च भरलेले. पाइप धुतलेच नव्हते! यंत्रात खोट नव्हती, खोट चालू करण्यात होती. नुकसान मात्र रंगाऱ्याचे झाले आणि व्यापाऱ्याचेही.

म्हणून पुढील गोष्टी मालकाने स्वतः उभे राहून करून घ्याव्यात.

पहिली गोष्ट पाण्याची. बोअरचे पाणी जड असेल तर हीट एक्स्चेंजरमध्ये क्षारांचा थर बसतो. पाण्याची तपासणी आधीच करून अहवाल विक्रेत्याला द्यावा. रंगाचे सांडपाणी थेट यंत्रात सोडू नये. मध्ये साफ करता येईल असा वेगळा हीट एक्स्चेंजर आणि त्याच्या आधी जाळी असावी.

दुसरी गोष्ट पाइपांची. पाइपांना कामाच्या दाबाच्या दीडपट दाब देऊन गळती पाहावी. मग यंत्राला वळसा घालून पाइपांतून पाणी फिरवावे. जाळी काढून धुवावी, पुन्हा फिरवावे, जाळी स्वच्छ निघेपर्यंत हेच करावे. त्यानंतरच यंत्राकडचे व्हॉल्व्ह उघडावेत आणि पाइपांतली हवा पूर्ण काढावी.

तिसरी गोष्ट विजेची. तिन्ही फेजचा दाब आणि क्रम मोजून घ्यावा. क्रम उलटा असेल तर काही कॉम्प्रेसर उलटे फिरून खराब होतात. अर्थिंग तपासावे. कॉम्प्रेसरच्या तळाशी तेल गरम ठेवणारा छोटा हीटर असतो. यंत्र सुरू करण्याआधी कंपनीच्या पुस्तकात दिलेले तास, पुष्कळदा २४ तास, तो चालू ठेवावा लागतो. नाहीतर तेलात मिसळलेला गॅस सुरुवातीलाच उसळतो आणि कॉम्प्रेसरचे आयुष्य घटते. आपल्या गावात वीज बराच वेळ गेली, तर परत आल्याबरोबर यंत्र लावण्याची घाई करू नये, ती याच कारणाने.

चौथी गोष्ट सुरक्षिततेची. आधी दोन्ही बाजूंचे पाण्याचे पंप, मग कॉम्प्रेसर, हा क्रम पाळावा. चालत्या यंत्रात पाण्याचा पंप मुद्दाम बंद करून पाहावा. कॉम्प्रेसर आपोआप थांबला पाहिजे. पाणी थांबूनही यंत्र चालत राहिले, तर आतले पाणी गोठून एक्स्चेंजर फुटू शकतो. यंत्र सारखे थांबते म्हणून फ्लो स्विचच्या तारा जोडून टाकणारा मेकॅनिक दिसला, तर त्याला तिथेच थांबवावे. गॅस भरायचा असेल तर तो काट्यावर तोलून भरावा, अंदाजाने नव्हे.

एवढे झाल्यावर मोजमाप. आपण कापड मोजल्याशिवाय घेत नाही, मग उष्णता का घ्यावी? त्याला पाण्याचा एक मीटर, दोन थर्मामीटर आणि विजेचा वेगळा मीटर पुरतो. समजा, गरम बाजूने तासाला १०,००० लिटर पाणी फिरते आणि यंत्रातून जाताना ५ अंशांनी तापते. म्हणजे तासाला ५०,००० किलोकॅलरी, अर्थात ५८ युनिटांची उष्णता मिळाली. साडेतीनचा वायदा खरा असेल तर मीटरवर १६-१७ युनिट दिसले पाहिजेत. २५ दिसले तर मेकॅनिकला कारण विचारण्याचा आपला हक्क आहे. पाण्याच्या पंपांची वीजही हिशेबात धरायची की नाही, हे आधीच ठरवावे, म्हणजे नंतर वाद होत नाही.

ही चाचणी सुट्टीच्या दिवशी रिकाम्या कारखान्यात घेऊ नये. सर्व जेट आणि जिगर चालू असताना घ्यावी आणि निदान महिनाभर रोज आकडे वहीत उतरवावेत. पुढे बिघाड झाला तर हीच वही पुरावा ठरते.

काही विक्रेते म्हणतील, महिनाभर पैसे अडवले तर आम्ही धंदा कसा करायचा? त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. रंगाऱ्याने खराब पाणी दिले, व्होल्टेज कमी दिले, जाळी साफ केली नाही, तर दोष विक्रेत्यावर टाकणे अन्याय होईल. म्हणून अट दोन्ही बाजूंची लिहावी. पाणी, वीज आणि सफाई मालकाची; प्रवाह, तापमान आणि वीजखर्च विक्रेत्याचा. दहा ते वीस टक्के रक्कम त्यावर बांधून ठेवावी, आणि आकडे जुळले की एक दिवसही उशीर न करता चुकती करावी. पैसे अडवण्यासाठी चाचणीचे निमित्त करणे हीसुद्धा बेइमानीच.

शेवटी आपल्या कारागीर बंधूंना एक गोष्ट सांगावीशी वाटते. फ्रिज-एसी दुरुस्त करणारी, आयटीआयमधून रेफ्रिजरेशनचा कोर्स केलेली मुले आपल्या मोहल्ल्यांत आहेत. त्यांनी पाण्याचा प्रवाह मोजणे, पाइप धुणे आणि वही ठेवणे एवढे शिकून घेतले, तर मालेगाव, भिवंडी, सोलापूर, इचलकरंजीच्या कारखान्यांना मेकॅनिकसाठी दूरच्या शहराकडे पाहत बसावे लागणार नाही. व्यापाऱ्यांनी अशा मुलांना चाचणीच्या दिवशी मेकॅनिकबरोबर उभे करावे. यंत्र बाहेरून आले तरी ते राखणारा हात गावातला असला पाहिजे.