दुखणे थांबले म्हणजे बरे झाले?

अमेरिकेतील गोल्डन स्टेट वॉरियर्स हा व्यावसायिक बास्केटबॉल संघ २०१९ मध्ये जखमी केव्हिन ड्युरँटविना अंतिम फेरीत पोहोचला. पोटरी दुखावलेला ड्युरँट महिन्याभराने, १० जूनला खेळला. जेमतेम १२ मिनिटांत त्याचा टाचेचा कंडरा तुटला. संघ तो सामना एका गुणाने जिंकला, पण मालिका हरला. ड्युरँटचा पुढचा सबंध हंगाम बुडाला.

जिद्दीचे कौतुक मलाही आहे. पण पोटरीचा स्नायू याच कंडऱ्याने टाचेला जोडलेला असतो. ड्युरँटच्या दिमतीला तज्ज्ञ होते. आपल्या कबड्डीपटू पोरांजवळ असते क्रेप बँडेज आणि वेदनाशामक गोळी. गोळीने दुखणे दबते, स्नायू भरून येत नाही. दुखऱ्या पायाच्या एकट्या चवड्यावर पुन्हा पुन्हा विनात्रास उठता येईपर्यंत, पालकहो, निदान सामना तरी नको!