ब्रीफ कोणाला मिळते? व्यापारी खटल्यांच्या वकिलीतली जात

आपल्या समाजात वकिलांची वाण नाही. कोणत्याही जिल्हा न्यायालयाच्या आवारात जा, काळ्या कोटातले चार-दोन तरी आपले तरुण भेटतातच. जामीन, पोटगी, अ‍ॅट्रॉसिटी, गायरानाचे अतिक्रमण, सफाई कामगारांचा थकलेला पगार ही त्यांची रोजची कामे. ती महत्त्वाचीच आहेत आणि त्यांच्या जोरावरच आमच्यासारख्या वस्तीत काम करणाऱ्यांचे पाय जमिनीवर टिकतात. पण कंपनी विरुद्ध कंपनी, बँक विरुद्ध कर्जदार, भागीदार विरुद्ध भागीदार असे कोट्यवधींचे दावे जिथे चालतात, तिथे युक्तिवादाला उभा राहणारा आपला माणूस किती वेळा दिसतो? आणि दिसत नसेल तर का दिसत नाही?

"मेरिट नाही," हे इथल्या व्यवस्थेचे ठरलेले उत्तर. ते तपासण्यासाठी आधी व्यापारी खटल्यांचा मुरलेला वकील घडतो कसा, ते पाहू.

सनद मिळाली की तो एखाद्या ज्येष्ठाच्या चेंबरमध्ये ज्युनिअर होतो. पहिली काही वर्षे वादपत्र आणि कैफियतीचे मसुदे करणे, करारातले एकेक कलम वाचणे, ताळेबंद आणि पत्रव्यवहाराच्या ढिगातून तारखांची साखळी लावणे हेच काम. व्यापारी दावा बहुतांशी कागदावर जिंकला किंवा हरला जातो. साक्षीदाराला उलटतपासणीत कोणता कागद कधी दाखवायचा, ही जाण पुस्तकातून येत नाही. ज्येष्ठाच्या मागे दहा वर्षे उभे राहिल्यावर ती येते. मग छोटे अर्ज, मग लहान दावे, मग लवादाची प्रकरणे, आणि पंधरा-वीस वर्षांनी लोक त्याला "अनुभवी" म्हणू लागतात.

म्हणजे अनुभव ही जन्मजात गुणवत्ता नव्हे. कोणीतरी आधी काम दिले म्हणून तो साचतो. मुंबईत खोलीचे भाडे भरत, नाममात्र मानधनावर ती पहिली वर्षे काढणे कोणाला परवडते? ज्याच्या घरात आधीच वकील, व्यापारी किंवा अधिकारी आहे त्याला. ऑक्टोबर 2024 मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनिअरला शहरात दरमहा किमान 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये विद्यावेतन द्यावे अशी शिफारस केली. शिफारसच ती, सक्ती नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सनदेचे नोंदणी शुल्क कायद्यातल्या मर्यादेतच घ्यावे, म्हणजे सर्वसाधारण उमेदवाराला 750 आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला 125 रुपये, असा निकाल दिला. तोवर राज्याराज्यांच्या बार कौन्सिल हजारो रुपये उकळत होत्या. दाराचे शुल्क कमी झाले हे चांगलेच झाले. पण दारातून आत गेल्यावर काम कोण देणार?

इथे बाबासाहेबांच्या वकिलीकडे पाहावेच लागते. ग्रेज इनमधून बॅरिस्टर होऊन, मित्र नवल भथेना यांच्या मदतीने सनदेचे पैसे उभे करून ते 1923 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आले. त्याच वर्षी लंडन विद्यापीठाने त्यांना डी.एस्सी. दिली आणि रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ बाहेर पडला. 1925 मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे चलनाच्या प्रश्नावर त्यांनी साक्ष दिली. त्याच सुमारास ते बाटलीबॉय यांच्या अकौंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवू लागले. पैसा, बँक, करार, हिशेब यांचे एवढे ज्ञान असलेला बॅरिस्टर त्या काळच्या मुंबईत दुसरा शोधून दाखवा!

मग शहरातल्या व्यापाऱ्यांचे दावे त्यांच्याकडे यायला हवे होते. ते आले नाहीत. हे दावे उच्च न्यायालयाच्या ओरिजिनल साइडवर चालत आणि तिथे अशिलाने थेट बॅरिस्टरकडे जायचे नाही, मधे सॉलिसिटर हवा, अशी पद्धत होती. सॉलिसिटर अस्पृश्य बॅरिस्टरला ब्रीफ द्यायला तयार नव्हते. म्हणून बाबासाहेब अपेलेट साइडकडे आणि जिल्ह्यातल्या खटल्यांकडे वळले. 1926 मध्ये पुण्यात 'देशाचे दुश्मन' या पुस्तकावरच्या खटल्यात त्यांनी ब्राह्मणेतर पुढाऱ्यांना सोडवले. 1934 मध्ये र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य'साठी ते उभे राहिले. पुढे ते शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. म्हणजे सरकारच्या आयोगाला त्यांची साक्ष चालली, कॉलेजला त्यांचे शिकवणे चालले, व्यापाऱ्याच्या सॉलिसिटरला मात्र त्यांचा हात लागलेला कागद चालला नाही. मेरिटचा डांगोरा पिटणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

"शंभर वर्षे झाली, आता तसे नाही," असे म्हटले जाईल. सॉलिसिटरची ती सक्ती गेली हे खरे. पण ब्रीफ आजही लॉ फर्ममार्फत, कंपनीच्या विधी विभागामार्फत, ओळखीतूनच फिरते. ब्रीफ देणे म्हणजे विश्वास टाकणे. आणि विश्वास कोणावर बसतो? शाळेतल्या मित्रावर, क्लबातल्या ओळखीवर, नात्यातल्या माणसावर. आपल्या देशात शाळा, क्लब आणि नाते ही तिन्ही जातीने आखलेली आहेत. इथे कोणी आडनाव विचारून हाकलत नाही. फक्त फोन येत नाही.

आपल्यातलेच काही विचारतील, शेठजींच्या भांडणाशी आपले काय देणेघेणे? देणेघेणे आहे. 2015 च्या वाणिज्यिक न्यायालय कायद्यात एक कोटी रुपयांवरचेच दावे येत होते. 2018 मध्ये ती मर्यादा तीन लाखांवर आली. महापालिकेच्या गटाराचे काम करून बिलासाठी हेलपाटे घालणारा आपला छोटा ठेकेदारही आता याच न्यायालयात येतो. समन्स मिळाल्यापासून 120 दिवसांत कैफियत दाखल झाली नाही तर ती मांडण्याचा हक्कच जातो. तातडीचा दिलासा मागायचा नसेल तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. हे ठाऊक नसलेला वकील घेऊन तिथे गेलेला आपला माणूस बाजू मांडण्याआधीच हरतो.

दुसरे कारण त्याहून मोठे. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदासाठी वकिलाचे नाव पाठवताना त्याचे व्यावसायिक उत्पन्नही पाहिले जाते. ज्याला मोठ्या फीची कामेच मिळाली नाहीत, त्याचे उत्पन्न कुठून दिसणार? मार्च 2025 मध्ये केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीप्रमाणे 2018 पासून नेमलेल्या 715 उच्च न्यायालय न्यायाधीशांत अनुसूचित जातीचे 22, अनुसूचित जमातीचे 16 आणि ओबीसी 89 होते. वर दिसणारी ही रिकामी जागा खाली ब्रीफ वाटतानाच तयार होते.

न्या. भूषण गवई यांचे उदाहरण आम्हाला हमखास दिले जाईल. मे 2025 मध्ये ते पहिले बौद्ध सरन्यायाधीश झाले, याचा आम्हाला अभिमान आहे. पण त्यांची वाटचालही नीट पाहा. नागपूर व अमरावती महापालिका, अमरावती विद्यापीठ यांचे वकील, मग सरकारी वकील, मग न्यायाधीश. सार्वजनिक संस्थांनी काम दिले की गुणवत्ता दिसते, हाच याचा अर्थ.

म्हणून आमची मागणी सरळ आहे. सरकारी कंपन्या, सार्वजनिक बँका, महापालिका, विकास प्राधिकरणे यांनी आपल्या वकिलांच्या पॅनेलवर अनुसूचित जाती-जमातींना वाटा द्यावा. आणि नुसती पॅनेलवर नावे नकोत. वर्षभरात कोणाला किती आणि किती रकमेची ब्रीफ दिली, हे जाहीर करावे. केंद्राच्या 2012 च्या खरेदी धोरणात लघुउद्योगांकडून घ्यायच्या मालात दलित-आदिवासी उद्योजकांसाठी चार टक्के ठेवलेले आहेत. जनतेच्या पैशातून नटबोल्ट घेताना वाटा चालतो, मग वकिली सेवा घेताना का चालू नये?

एक मागणी आपल्याच लोकांकडे. दलित उद्योजकांची नवी पिढी उभी राहते आहे. तिने आपला पुढचा करार, पुढचा लवाद आपल्या वकिलाकडे नेऊन पाहावा. आपल्या ज्येष्ठ वकिलांनी ज्युनिअरला जगता येईल एवढे मानधन द्यावे. आणि विधी शाखेच्या आपल्या विद्यार्थ्यांनी संविधानाइतक्याच गांभीर्याने करार कायदा, लवाद कायदा आणि ताळेबंद वाचावा. बाबासाहेबांनी हे दोन्ही वाचले होते. त्यांना ब्रीफ मिळाले नाही. आपल्या मुलांना ते मिळवून देणे ही आता आपली जबाबदारी आहे.

जय भीम!