रिपोर्ट नॉर्मल, दुखणं तसंच

कार्डिओग्राम नॉर्मल, ट्रेडमिल टेस्ट पॉझिटिव्ह, अँजिओग्राफी पुन्हा नॉर्मल. अशी फाईल घेऊन बाई घरी येते तेव्हा घरचे म्हणतात, ‘एवढा खर्च केला, निघालं काहीच नाही.’ डॉक्टर म्हणतात, ‘टेन्शन घेऊ नका.’ मग तिलाही वाटू लागतं, दुखणं मनाचंच असेल. या निष्कर्षाला माझा विरोध आहे.

प्रत्येक तपासणी वेगळा प्रश्न विचारते. कार्डिओग्राम त्या काही सेकंदांतली हृदयाची विद्युतक्रिया दाखवतो. दुखत नसताना काढला तर तो निर्दोष येऊ शकतो. ट्रेडमिल टेस्ट श्रम करताना हृदयाला रक्त पुरतं का, याचा अंदाज देते. बायकांच्या बाबतीत हा अंदाज पुरुषांपेक्षा जास्त वेळा चुकतो. रक्तक्षयाचाही त्यावर परिणाम होऊ शकतो, आणि २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. अँजिओग्राफीत मोठ्या धमन्यांतले अडथळे दिसतात, अगदी बारीक रक्तवाहिन्या दिसत नाहीत. मोठ्या धमन्या मोकळ्या असूनही बारीक वाहिन्यांचा आजार असू शकतो, आणि तो बायकांत अधिक आढळतो. म्हणून दोन रिपोर्ट जुळले नाहीत तर त्यातला एक खोटाच, असं नाही. बाई तर नाहीच नाही.

हे ज्ञान उशिरा आलं, कारण हृदयरोगाचा अभ्यास बराच काळ पुरुषाच्या शरीरावरच झाला. अ‍ॅस्पिरिन आणि हृदयविकार यांवरच्या अमेरिकेतल्या गाजलेल्या अभ्यासाचा अहवाल १९८९ साली आला. त्यातले २२,०७१ डॉक्टर सगळे पुरुष होते. १९९१ साली डॉ. बर्नाडिन हीली यांनी दाखवून दिलं, की आपला आजार पुरुषासारखाच आहे हे सिद्ध केल्यावरच बाईला पुरुषासारखे उपचार मिळतात.

छातीतलं प्रत्येक दुखणं हृदयाचंच असतं, असं मी म्हणत नाही. पण ‘काही नाही’ हे उत्तर आपण घेऊ नये. डॉक्टरांना विचारावं: या तपासणीने नेमकं काय नाकारलं? काय तपासायचं राहिलं? हिमोग्लोबिन, रक्तदाब, साखर पाहिली का? बारीक रक्तवाहिन्यांचा आजार असू शकेल का? सगळे जुने रिपोर्ट एकत्र ठेवावेत. त्रास कधी, काय करताना, किती वेळ झाला ते लिहून न्यावं. शक्य तर सोबत मैत्रीण न्यावी.

आणि छातीत दाब, धाप, दरदरून घाम, जबडा, पाठ किंवा हातात कळ असं अचानक सुरू झालं, तर जुना नॉर्मल रिपोर्ट बघत बसू नये. घरच्यांचं जेवण व्हायची वाट बघू नये. १०८ला फोन करून लगेच दवाखाना गाठावा.

गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय जरूर घ्या. कपाटात बंद पडलेल्या फायली सोबत आणा, एकत्र बसून वाचू या.