पिल्लू नको, मोठा कुत्रा आणा



‘कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच’ ही म्हण तुम्ही ऐकलेलीच आहे. तिच्यावर भिस्त ठेवून आपण असे धरून चालतो की, कुत्रा पाळायचा तर पिल्लूच आणावे. मोठ्या कुत्र्याला नवे वळण लागत नाही. माझे मत नेमके उलट आहे. मुले शाळेत आणि आईवडील कामावर, अशा घराने पिल्लाऐवजी चार-पाच वर्षांचा कुत्रा आणावा. का, ते सांगतो.

आधी वयाचा हिशेब पाहू. कुत्र्याचे एक वर्ष म्हणजे माणसाची सात वर्षे, असे सर्रास सांगितले जाते. पण वर्षभराच्या कुत्रीला पिल्ले होऊ शकतात. सात वर्षांची मुलगी तर दुसरीच्या वर्गात असते! म्हणजे हा हिशेब चुकीचा आहे. अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी 104 लॅब्राडॉर कुत्र्यांच्या डीएनएवरील, वयानुसार बदलणाऱ्या रासायनिक खुणा तपासल्या आणि 2020 साली एक सूत्र मांडले. कुत्र्याच्या वयाचा नैसर्गिक लॉगरिदम घ्यायचा, त्याला 16 ने गुणायचे आणि 31 मिळवायचे. वहीत करून पाहा. एक वर्षाचा कुत्रा माणसाच्या 31 वर्षांचा, दोन वर्षांचा 42, चार वर्षांचा 53 आणि आठ वर्षांचा 64. वय दुप्पट झाले की सुमारे 11 ची भर पडते. हे सूत्र एकाच जातीवरून काढलेले आहे, त्यामुळे इतर जातींचे आकडे थोडे वेगळे येतील. पण आलेखाचा आकार ध्यानात घ्या. आरंभी कड्यासारखा चढ, नंतर पठार.

जी राशी वेगाने बदलते तिचे भाकीत करणे अवघड, हे भौतिकशास्त्रात पदोपदी दिसते. दोन महिन्यांचे पिल्लू उचलताना तुम्ही केवळ अंदाज बांधत असता. ते केवढे होईल? फटाक्यांना घाबरेल का? धाकट्या बहिणीशी कसे वागेल? चार वर्षांच्या कुत्र्याबाबत यांतले बरेचसे प्रत्यक्ष पाहून ठरवता येते. शिवाय आपल्या गल्लीतला गावठी कुत्रा असेल, तर त्याने सोलापूरचे चार उन्हाळे काढलेले असतात. अंदाज आणि निरीक्षण यांतले काय निवडावे, हे विज्ञानाच्या विद्यार्थ्याला सांगायला नको.

आता शिकण्याचा प्रश्न. व्हिएन्नातील संशोधकांनी 5 महिने ते 13 वर्षे वयाच्या 95 बॉर्डर कोली कुत्र्यांना पडद्यावरील चित्रे ओळखायला शिकवले. हे निष्कर्ष 2016 मध्ये प्रसिद्ध झाले. वयस्क कुत्र्यांना शिकायला वेळ जास्त लागला, पण ती शिकली. नको असलेला पर्याय वगळून योग्य चित्र निवडण्यात तर ती तरुण कुत्र्यांपेक्षा सरस ठरली. आपल्याकडचे उदाहरणही आहे. 2008 च्या मुंबई हल्ल्यात बॉम्बशोधक पथकात काम केलेली सीझर, मॅक्स, टायगर आणि सुलतान ही कुत्री निवृत्तीनंतर विरारच्या एका शेतावर नव्या माणसांत राहिली. त्यांतला शेवटचा सीझर ऑक्टोबर 2016 मध्ये वारला.

आमच्या घरचा मोती असाच आला. शेजारचे कुटुंब बदली होऊन गेले आणि पाच-सहा वर्षांचा मोती कुलूपबंद दारासमोर बसून राहिला. आमच्याकडे पहिले आठ दिवस तो नीट जेवला नाही. महिनाभराने मात्र माझ्या सायकलचा आवाज त्याला कोपऱ्यावरूनच ओळखू येऊ लागला.

अडचणी आहेतच. मोठ्या कुत्र्याचा सहवास कमी वर्षे लाभतो. त्याचा पूर्वेतिहास आपल्याला माहीत नसतो. म्हणून आधी पशुवैद्याला दाखवावे, रेबीजची लस न चुकता टोचून घ्यावी आणि त्याला लहान मुलांजवळ एकटे सोडू नये. अनोळखी कुत्र्याला तुम्ही स्वतः पकडायला जाऊ नका. ते काम वडीलधाऱ्यांचे.

शेवटी एकच विचारतो. रस्त्यावर टाकलेला मोठा कुत्रा येतो कुठून? अनेकदा तो कुणीतरी हौसेने आणलेले, पुढे मोठे झाले म्हणून नकोसे झालेले पिल्लूच असतो. तेव्हा घरी पिल्लाचा हट्ट धरण्यापूर्वी एकदा आपल्या गल्लीत नजर टाका.