नोंद बँकेची, हक्क कर्जदाराचा



युरो चलनाच्या देशांतील बँकांना सप्टेंबर २०१८ पासून कंपन्यांच्या कर्जांची खातेनिहाय माहिती मध्यवर्ती बँकेकडे द्यावी लागते. कर्जदाराची रक्कम २५,००० युरोवर गेली की मुद्दल, व्याजदर, तारण, थकबाकी सारे नोंदवायचे. नुसत्या बेरजांवरून बुडीत कर्ज कुठे साचले ते कळत नाही, हे २००८ च्या पडझडीने शिकवले. वैयक्तिक कर्जे यात नाहीत. पण ज्या कंपनीची नोंद, तिला ती पाहण्याचा, चूक दुरुस्त करून मागण्याचा हक्क तिथे कायद्याने आहे.

आमचे म्हणणे एवढेच : पीक बुडाल्यावर कर्जाचे पुनर्गठन होते, व्याज मुद्दलात मिसळते. हा हिशेब आपणही तपासला पाहिजे. खातेउतारा मागा, जिल्हा बैठकीला घेऊन या.