पाचशे कमांड्सची स्मरणशक्ती

आजचा विषय थोडा तांत्रिक आहे. पण ज्यांचा दिवस टर्मिनलच्या काळ्या खिडकीसमोर जातो त्यांना तो लगेच कळेल.

आमच्या धंद्यातल्या कोणालाही काम करताना मागे उभं राहून बघा. कालची कमांड परत हवी असते आणि गडी वरचा बाण दाबत सुटतो. टक टक टक... तीस वेळा. घाईत ती पुढे निघून जाते, मग खालचा बाण! अरे, कंट्रोल धरून आर दाब, आठवेल तो तुकडा टाइप कर, झालं. पुन्हा कंट्रोल-आर दाबलं की त्याच्या आधीची.

पण माझी खरी तक्रार माणसांबद्दल नाही, शेलबद्दल आहे. तो लक्षातच फार कमी ठेवतो.

१९७९ च्या बोर्न शेलमध्ये जुनी कमांड परत बोलवायची सोयच नव्हती. ती आणली बर्कलीच्या बिल जॉयने, सी शेलमध्ये, उद्गारचिन्ह वापरून. १९८९ मध्ये बॅश आला. तेव्हा डिस्क महाग होती, काटकसर समजू शकतो. पण बॅश स्वतःहून आजही ५०० च कमांड्स ठेवतो! उबुंटू ते १००० करतं, एवढंच. आता हिशोब करा: सरासरी ५० अक्षरांच्या एक लाख कमांड्स म्हणजे ५ एमबी. मोबाइलवरचा एखादा फोटो.

दुसरं दुखणं म्हणजे बॅश ही यादी फाइलमध्ये लिहितो ती शेल बंद होताना. त्यामुळे या खिडकीतली कमांड आधीपासून उघड्या असलेल्या त्या खिडकीत सापडत नाही, आणि वीज गेली की सगळंच गेलं. झेडशेलमध्ये एक ऑप्शन लावला की सगळ्या खिडक्यांची यादी एक होते. फिश तर टाइप करतानाच जुनी कमांड करड्या रंगात पुढे धरतो. विंडोजचा जुना कमांड प्रॉम्प्ट मात्र खिडकी बंद केली की सगळं विसरतो.

एवढी चिडचिड कशाला? कारण सर्व्हरवर सर्टिफिकेट मागच्या वर्षी नेमकं कसं बदललं होतं, हे विकीवर नसतं. असलं तरी जुनं असतं. लिहिणारा कंपनी सोडून गेलेला असतो. प्रत्यक्षात काय चाललं त्याची खरी नोंद हिस्टरीतच असते, आणि आपण तीच फेकून देतो.

यावर कोणी म्हणेल, पासवर्डही त्यात साठतील. बरोबर आहे, ती साधी टेक्स्ट फाइल असते. म्हणून पासवर्ड कमांडमध्ये टाइपच करू नये. शिवाय बॅशला 'इग्नोरस्पेस' सांगून ठेवलं की सुरुवातीला स्पेस दिलेली कमांड तो नोंदवत नाही. आणि उद्गारचिन्हापुढे 'आरएम' लिहून एंटर मारायची मर्दुमकी नको. शेवटची आरएम न विचारताच चालते! 'हिस्टव्हेरिफाय' लावा, म्हणजे आधी समोर येईल, मग चालेल.

असो. सोमवारी एवढं करा: हिस्टरीचा आकडा एक लाख करा, फाइलचाही. 'हिस्टअपेंड' लावा. 'हिस्टटाइमफॉरमॅट' देऊन तारखा चालू करा. पाच मिनिटांचं काम आहे. वर्षभराने रात्री दोन वाजता सर्व्हर झोपला, की ही पाच मिनिटं वसूल होतील :)