परमिटवरची तारीख

मंडळी, या वेळचा विषय घरचाच आहे. माझ्या मावसभावाचं कॅनडातलं स्टडी परमिट संपून सहा आठवडे झाले. ऑन्टारिओतला दोन वर्षांचा डिप्लोमा त्याने चांगल्या गुणांनी पूर्ण केला, निकालही वेळेवर लागला. अडलं ते नंतरच्या वर्क परमिटपाशी. वडोदऱ्याहून मावशीचा रोज फोन येतो, "अरे, तू तिथे इतकी वर्षं आहेस. त्याला परत बोलावू की राहू देऊ?" त्याला विचारूनच हे लिहितोय. तुमच्यापैकी कितीतरी जण याच रांगेत आहेत.

अभ्यासक्रम पूर्ण झाल्याचं पत्र कॉलेजकडून मिळालं की १८० दिवसांत वर्क परमिटचा अर्ज करायचा, हे सगळ्यांना पाठ असतं. ते बरोबरच आहे. पण ही मुदत फक्त अर्जाची. देशात राहायची मुदत स्टडी परमिट ठरवतं, आणि ते पासपोर्टच्या मुदतीपुढे मिळत नाही. भावाचा पासपोर्ट लवकर संपणारा होता, म्हणून परमिटही आखूड मिळालं. पुढे पासपोर्ट नवा झाला, परमिटवरची तारीख तीच राहिली. (परमिटवर लांबची तारीख असली तरी शिक्षण संपल्यावर ९० दिवसांनी ते आपोआप रद्द होतं, हेही लक्षात असू द्या.)

तो थांबला होता भाषेच्या परीक्षेसाठी. १ नोव्हेंबर २०२४ पासून या अर्जाला भाषेचा निकाल जोडावा लागतो. प्रवेशाच्या वेळी दिलेली आयईएल्टीएस ॲकॅडमिक इथे चालत नाही, जनरल ट्रेनिंग लागते. परीक्षेची तारीख मिळेपर्यंत परमिट संपलं.

आता वाटा दोनच. परमिट संपल्यापासून ९० दिवसांच्या आत जास्तीचं शुल्क भरून दर्जा परत मिळवण्याचा आणि सोबत वर्क परमिटचा अर्ज करायचा. किंवा वडोदऱ्याला येऊन १८० दिवस संपायच्या आत तिथून अर्ज करायचा. पहिल्या वाटेत नकार आला तर देश सोडावा लागतो. दुसरीत विमानाचं भाडं, आणि परत केव्हा जाता येईल ते सांगता येत नाही.

परमिट संपण्यापूर्वी अर्ज केला असता तर निकाल येईपर्यंत पूर्ण वेळ नोकरी करता आली असती. आता कोणत्याही वाटेने गेलं तरी वर्क परमिट हातात पडेपर्यंत तिथे एक तासही काम करता येत नाही. आणि खरी परीक्षा इथेच होती. गोदामातला मुकादम त्याला म्हणाला, "येत राहा, पैसे रोख देतो, कुणाला कळतंय?" घरभाडं डोक्यावर असताना हे ऐकायला फार गोड लागतं. मी त्याला सरळ सांगितलं, विनापरवाना काम उघड झालं तर वर्क परमिट हातचं जाईल, आणि अर्जात ते लपवलंस तर पाच वर्षांची प्रवेशबंदी येऊ शकते. शिवाय हे परमिट आयुष्यात एकदाच मिळतं.

दुसऱ्या दिवसापासून तो गेला नाही. "दादा, कमवायला लागायच्या वेळी आईकडे पैसे मागतोय," एवढंच म्हणाला. मावशीनेही आठ दिवस शेजारीपाजारी काही कळू दिलं नाही. मला त्यात लाजण्यासारखं काही दिसत नाही, पण मी तिचा भाचा, माझं कोण ऐकतंय!

रावपुऱ्यापासून अलकापुरीपर्यंत व्हिसा सल्लागारांच्या इतक्या पाट्या आहेत, पण प्रवेश झाल्यावर या तारखेबद्दल त्याला कुणी फोन केला नाही. तेव्हा यंदा जाणाऱ्यांनी आधी पासपोर्ट काढून बघा. मुदत कमी असेल तर स्टडी परमिटच्या अर्जाआधीच नवा करून घ्या. आणि जे तिथे आहेत त्यांनी शेवटच्या सत्रातच भाषेची परीक्षा देऊन टाका.

भावाने कॅनडात राहूनच अर्ज केला. परमिट का संपलं ते पत्रात जसं घडलं तसं लिहिलं. उत्तर अजून आलेलं नाही. या महिन्याचं भाडं मावशीने आणि मी निम्मं-निम्मं भरलं.